सरांच्या हाताखालचे सहा महिने

फुलांची टोपली समोर आली की लतिका हात आधी तळाशी घालायची. वरच्या कळ्या सगळेच बघतात. खाली कालच्या असतात, ओल्या फडक्यात ठेवून ताज्या भासवलेल्या. हे तिला शाळेत जायच्या वयातच कळलं होतं. वसईजवळच्या निर्मळ गावी तिच्या वडिलांची मोगऱ्याची वाडी होती. उजाडायच्या आत कळ्या खुडायच्या, मग आंघोळ, मग शाळा. त्या घरात दिवसाउजेडी बसलेलं माणूस म्हणजे आजारी माणूस. बाकी कोणी बसत नसे.

या दोन सवयी तिच्या अंगात मुरल्या. हात रिकामा ठेवायचा नाही आणि तळ चाचपल्याशिवाय विश्वास टाकायचा नाही. पहिल्या सवयीनं तिला काम मिळवून दिलं. दुसरीनं ते जवळजवळ घालवलं.

लग्नानंतर काही वर्षांत तिची सासू जयवंती लकव्यानं अंथरुणाला खिळली. नवरा जितेंद्र वसई पूर्वेच्या कारखान्यात लेथवर, त्याच्या पाळ्या बदलत्या. मुलगी आर्या लहान. सासूचं सगळं लतिकानं केलं. कूस बदलणं, पुसणं, भरवणं, पुन्हा कूस बदलणं. सासू गेली तेव्हा तिच्या पाठीवर एकही जखम नव्हती. भेटायला आलेल्या बायका हेच एकमेकींना सांगत होत्या. ते बोलणं फिरत फिरत केळवाडीपर्यंत गेलं आणि तिथून लतिकाला बोलावणं आलं.

केळवाडी म्हणजे निर्मळच्या कडेला, केळीच्या बागेत, एका ट्रस्टनं चालवलेलं म्हाताऱ्यांचं घर. खाली अंथरुणाला खिळलेले आणि काठीवर चालणारे, वर हिंडते-फिरते. लतिका तिथं आधी मदतनीस म्हणून लागली, मग मदतनिसांची प्रमुख झाली. कामात तिला कोणी नाव ठेवलं नाही. ती मात्र सगळ्यांवर नजर ठेवून असे. दूधवाला दूध मापून निघाला तरी ती भांड्याचं झाकण उघडून आत बघायची.

तिथले व्यवस्थापक बर्नार्ड सर. पूर्वी शाळेत मुख्याध्यापक होते, म्हणून सर. उंच, ताठ, कामापुरतं बोलणारे. पत्नी ग्रेसीबाई वारल्या, मुलं परदेशात, घरी एकटेच. वय झालं, आता दोन वर्षांत काम सोडतो, असं त्यांनी कळवलं तेव्हा ट्रस्टी जागे झाले. म्हाताऱ्यांचं घर चालवायला माणूस काय शिकलेला पाहिजे, हे तोवर त्यांच्यापैकी कोणी विचारलंच नव्हतं. ओळखीचा, सज्जन, वेळ असलेला, एवढं बघून बसवायचे. आता त्यांनी आपल्यापुरता नियम केला. माणूस पदवीधर हवा. अशा घरांच्या व्यवस्थापनाची वर्षभराची पदविका हवी. आणि त्यावर सहा महिने, कामावर असलेल्या व्यवस्थापकाच्या हाताखाली, प्रत्यक्ष शिक्षण. शेवटी त्या व्यवस्थापकानं ट्रस्टींसमोर उभं राहून तोंडानं सांगायचं, की या माणसाच्या हाती घर द्या.

लतिकाला ती जागा हवी होती. तिनं ते कोणापासून लपवलं नाही. पदवी तिनं मुक्त विद्यापीठातून आधीच घेतली होती, आर्याच्या दहावीच्या पुस्तकांशेजारी आपली पुस्तकं मांडून. पदविकेसाठी ती आधी वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या एका क्लासला गेली. फ्लॅटच्या हॉलमध्ये क्लास, भिंतीवर चकचकीत बोर्ड. क्लासच्या बाईंनी सांगितलं, प्रॅक्टिकलची चिंता करू नका, ते आम्ही बघतो.

"कुठल्या वॉर्डात बघता?" लतिकानं विचारलं.

"सगळी सोय आहे, मॅडम."

"सोय दाखवा ना."

आतल्या खोलीत पलंगावर प्लास्टिकचा एक बाहुला झोपवलेला होता. एक हात खांद्यातून निखळलेला. लतिकानं तो हात उचलून बाहुल्याच्या छातीवर ठेवला आणि चपला घातल्या. काही महिन्यांनी तो बोर्ड उतरला, असं तिच्या कानावर आलं. संशय खरा ठरला की माणसाला त्याची चटक लागते. तिलाही लागली.

पुढं तिनं चौकशी करकरून एका जुन्या महाविद्यालयाचे शनिवार-रविवारचे वर्ग धरले. आहार, संसर्ग, औषधांचा साठा, कामाच्या पाळ्या, आग लागली तर काय, नातेवाइकांशी कसं बोलायचं, कायद्यानं काय चालतं आणि काय नाही. वर्षभर तिला सुट्टी अशी मिळालीच नाही. परीक्षा पास झाली. उरले ते बर्नार्ड सरांच्या हाताखालचे सहा महिने.

पहिल्या दिवशी सरांनी तिला खालच्या खोलीतल्या कोपऱ्यातल्या रिकाम्या पलंगापाशी नेलं.

"इथं झोप."

"कोणाला बरं नाही का, सर?"

"तुला. तुझी डावी बाजू चालत नाही. बोलता येतं. सकाळच्या चहापासून संध्याकाळच्या चहापर्यंत."

मदतनीस सलोनी खुदकन हसली. विरारची पोरगी, बोलायला चटपटीत. "ताई, एकदम व्हीआयपी पेशंट. बोला, काय सेवा करू?"

दुपारपर्यंत सलोनीचं हसू संपलं आणि लतिकाचंही. सलोनीला इतर सहा जणांचं करायचं होतं. भरवताना चमचा दातांवर आपटला. पाण्याचा पेला डावीकडच्या स्टुलावर ठेवून ती गेली, आणि डावा हात तर चालत नव्हता. लतिका छताकडे बघत पडून राहिली. शेजारच्या पलंगावरच्या ॲंजेलामाय तिच्याकडे टक लावून बघत होत्या. त्यांना बोलता येत नसे. त्यांच्याही पेल्याची बाजू चुकलेली होती.

संध्याकाळी सरांनी विचारलं, "काय शिकलीस?"

"सलोनीला घाई फार आहे."

"मी सलोनीचं विचारलं नाही," असं म्हणून सर निघून गेले.

लतिका स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागली. तिची भांडी नव्हती ती, पण हात शिवशिवत होते. स्वयंपाकीण द्वारका चांदीप गावाहून येत असे. तिची जीभ तिखट.

"इतकी वर्सं तू लोकांना उठवलंस," द्वारका म्हणाली. "आता तुलाच झोपवलं. तू झोपलीस तर त्या जागी कोन उभा राहनार, ते बघ."

"कोण राहणार?"

"मी काय ट्रस्टी हाय? पन दर गुरुवारी मोटारसायकलवरनं येतो तो कोन?"

तो होता सिद्धेश. एव्हरशाईनहून यायचा. तिशीचा, पाठीला काळी बॅग, पायात पांढरे बूट. गुरुवारी दुपारी यायचा, सरांच्या खोलीत जायचा आणि दार आतून लागायचं. तासाभरानं घाम पुसत बाहेर पडायचा. कोण म्हणून विचारलं तर सर म्हणायचे, "माझ्याकडे येतो." लतिकानं एकदा त्यालाच गाठलं. तो हसला, "सरांनाच विचारा ना, मॅडम." शिकलेला दिसत होता. कोणा ट्रस्टीचा भाचा असेल, असं द्वारका म्हणाली. 'असेल'चं दोघींनी मिळून 'आहे' करून टाकलं.

सर शिकवत होते, यात खोट नव्हती. साठ्याची खोली तिच्याकडून लावून घेतली, स्वयंपाकीण आजारी पडली तर काय, वीज गेली तर श्वासाचं यंत्र कशावर चालवायचं, हे उभं करून विचारलं. मुलगा म्हातारीला भेटायला येऊन आरडाओरडा करतो तेव्हा आधी त्याला बसवायचं, पाणी द्यायचं, मग ऐकायचं, हे स्वतः करून दाखवलं. पण तिसऱ्या महिन्यात त्यांनी तिला ओसरीवर खुर्ची टाकून दिली.

त्या खुर्चीवरून तीन दारं दिसत. स्वयंपाकघराचं, खालच्या खोलीचं आणि न्हाणीचं.

"इथं बसायचं. जेवणापर्यंत उठायचं नाही. कोणाचा जीव जात असेल तरच उठ."

"बसून काय करू?"

"बघ."

पहिल्या दिवशी तिला काहीच दिसलं नाही. रागानं कान तापले होते. येणारा-जाणारा बघत होता, लतिकाताई रिकाम्या बसल्यात. वाटेनं जाणाऱ्या एका बाईनं विचारलंच, "बरं नाही का गं?" दुसऱ्या दिवशी तिनं पदरात मोगरा आणून गजरा ओवायला घेतला. सरांनी ओणवून दोरा काढून घेतला. तिसऱ्या दिवशी ॲंजेलामायची चादर घसरली. सलोनीचे दोन्ही हात दुसरीकडे गुंतले होते. लतिका उठली, चादर सारखी केली आणि परत येऊन बसली.

"आजचा दिवस धरला नाही," सर म्हणाले.

"एक चादर उचलली म्हणून?"

"तू उठलीस तेवढ्यात खालच्या खोलीतला ऑस्कर न्हाणीच्या दारात उभा राहिला, वाट बघितली आणि परत गेला. तुला दिसलं?"

नव्हतं दिसलं.

सरांना काय हवंय, हे तिला तरीही नीट पटलं नाही. तिच्या मनात एकच. आपल्याला मुद्दाम बसवून ठेवलंय, म्हणजे शेवटी ट्रस्टींना सांगता येईल, बाई नुसती बसून असते. पण बसणं भाग होतं, आणि जे करायचं ते पुरं करायचं ही तिची जात. ती बसली. हळूहळू डोळे कामाला लागले.

तिला दिसलं, की सलोनी प्रत्येक कपड्यासाठी खोलीच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते, कारण कपाट चुकीच्या भिंतीला आहे. तिला दिसलं, की ऑस्कर अंकल दुपारनंतर पाण्याला तोंड लावत नाहीत. म्हातारा पूर्वी गवंडी होता, मानी. न्हाणी लांब, घंटा वाजवली तरी त्या वेळी कोणी येत नाही, आणि कपडे ओले व्हायची त्याला लाज वाटे. म्हणून पाणीच नको. संध्याकाळी त्याला चक्कर येई आणि सगळे वयाला दोष देत. इतकी वर्षं लतिका त्याच्या शेजारून धावत गेली होती. धावताना हे दिसलं नव्हतं.

तिनं सरांना सांगितलं. सर पहिल्यांदा तिच्याकडे वळून बसले.

"मग?"

"अंकलचा पलंग न्हाणीशेजारी आणते."

"कोण आणतं?"

"मी."

"चूक."

ती थांबली. "सलोनी आणि दुसरी बाई आणतील. मी बघेन. आणि दुपारच्या पाळीला घंटेसाठी एक माणूस नेमीन."

"अंकलना विचारलंस, त्यांना पलंग तिथं हवा का?"

नव्हतं विचारलं. विचारल्यावर ऑस्कर म्हणाला, "मी कधीचा म्हणतोय. पण इथं ज्याला त्याला माझं करायची घाई. माझं ऐकायला कोण थांबतो?"

इथपर्यंत ठीक होतं. पण बघायला शिकलेले डोळे आता मिटेनात. त्या खुर्चीवरून तिला सरही दिसू लागले.

सर चहाचा कप दोन हातांनी धरतात, तरी तो थरथरतो. पूर्वी असं नव्हतं. कप अर्धाच भरा म्हणतात. कपाटाचं कुलूप दुसऱ्या कोणाला उघडायला लावतात. वरच्या मजल्यावर जाणं त्यांनी बंद केलंय, वरच्यांना खाली बोलावतात. एरवी उजवा हात खिशात. आणि दुपारी कधी कधी चाल अडखळती, पाय ओढल्यासारखी.

एकदा सरांनी तिला कपाटातून रक्तदाब मोजायचं यंत्र आणायला पाठवलं. यंत्राच्या मागं, अगदी तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती. तिनं बूच उघडून वास घेतला. वाईन. घरी केलेली, गोडसर. हलवून बघितली, निम्मी रिकामी.

तिनं द्वारकेला बाटलीचं आणि हातांचं सांगितलं.

द्वारका तांदूळ निवडता निवडता थांबली. "माझ्या भावाचा हात असाच थरथरायचा. सकालपासून लागायची त्याला. मरेपर्यंत म्हनत होता, मी घेत नाय."

"सर तसे नाहीत गं."

"कोन तसा असतो? बायको गेली, पोरं लांब. घरी भिंती." द्वारकेनं खडा काढून बाहेर टाकला. "तुझं काय ते तू बघ. तुझं सर्टिफिकेट त्याच्या तोंडात हाय."

 दोन दिवसांत लतिकाच्या मनानं सगळे धागे एकत्र ओवले. हात थरथरतात, बाटली लपवली आहे, दार लावून सिद्धेशशी खलबतं होतात, आणि आपल्याला खुर्चीत बसवून ठेवलंय. गजरा चांगला जमला. एकही कळी बाहेर राहिली नाही. आपण ओवलेलं इतकं सुबक दिसलं की ते खरंच असणार, असं माणसाला वाटतं.

ती चंद्रहासभाऊंकडे गेली. ते ट्रस्टचे प्रमुख, स्वतः बागायतदार. बावखलातलं, म्हणजे बागेतल्या तळ्यातलं, पाणी पंपानं केळीला सोडत होते. लुंगी गुडघ्यापर्यंत, पाय चिखलात.

"भाऊ, एक बोलायचंय. मला दुसऱ्या कोणाच्या हाताखाली शिकायचंय."

"का? बर्नार्ड शिकवत नाही?"

"शिकवतात. पण ते घेतात, भाऊ. हात थरथरतात. कपाटात बाटली आहे. अंथरुणाला खिळलेली माणसं त्यांच्या भरवशावर आहेत."

भाऊंनी पंप बंद केला.  "तू त्याला विचारलंस?"

"कसं विचारू? माझं सगळं त्यांच्या हातात."

"हं," भाऊ म्हणाले. "येतो मी."

सोमवारी ते आले. स्कूटर केळीच्या सावलीत लावून थेट सरांच्या खोलीत. लतिका ओसरीवर खुर्चीत. उठायचं नाही हे अंगवळणी पडलं होतं. आतून भाऊंचा आवाज आला, "बर्नार्ड, जरा दार लावून घ्या."

"लावतो. लतिकाला आत बोलवा."

"तिला कशाला?"

"तक्रार तिचीच असणार. इथं दुसरं कोणी बघत नाही."

ती आत गेली. सर टेबलामागं बसले होते. "भाऊंना जे सांगितलंस ते मला सांग. तसंच."

तिनं सांगितलं. एक शब्द गाळला नाही. बाटली, हात, पाय, सिद्धेश. सर ऐकत होते. मग म्हणाले, "बाटली आण."

तिनं आणली. वर्तमानपत्र सोडल्यावर बाटलीवर चिकटवलेली पट्टी दिसली. सरांचं अक्षर, बारीक, वेडंवाकडं. ऑस्कर, रविवारी चर्चच्या मिस्सानंतर एक झाकण. डॉक्टरांना विचारलं आहे.

"त्याची बहीण सणाला आणून देते," सर म्हणाले. "त्याच्याजवळ ठेवली तर एका दिवसात संपवील. त्या दिवशी कागद सोडून बघितला असतास तर पट्टी दिसली असती. तळाशी हात घातलास, पण अर्ध्यावर काढलास."

मग त्यांनी उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. तो एकटाच थरथरत होता, झाडावरून पडलेल्या पाखरासारखा. बाकीचं शरीर स्थिर.

"कंपवात. पार्किन्सन म्हणतात. दीड वर्ष झालं. सिद्धेश फिजिओथेरपिस्ट आहे. माझे पाय चालते ठेवायला येतो."

चंद्रहासभाऊ खुर्चीत मागं टेकले. "दीड वर्ष? आणि आम्हाला आज कळतंय?"

"कळवलं असतं तर तुम्ही मला त्याच आठवड्यात घरी बसवलं असतं. माझ्या जागी एखादा सज्जन, वेळ असलेला माणूस आणला असता. मला एक माणूस शिकवून तयार करायचं होतं. स्वार्थ होता, भाऊ. कोपऱ्यातल्या त्या पलंगावर पुढं मीच येणार आहे. घरी मला कोण बघणार? ज्याच्या ताब्यात जायचं, तो माणूस मला बघून घ्यायचा होता."

 बाहेर सलोनी कोणाला तरी हाका मारत होती.

"लपवलंत ते चुकलंच," भाऊ शेवटी म्हणाले. "आजपासून औषधांच्या चाव्या तुमच्याकडे नकोत. आणि काम थांबवा."

"बरोबर."

"सर," लतिका म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर..."

"तर तू ते पोटात ठेवलं असतंस आणि माझ्याबरोबर तूही खोटी झाली असतीस. माझं चुकलं ते माझ्याकडे राहू दे. तुझं तुझ्याकडे ठेव. संशय घेतलास यात काही वावगं नाही. इथं संशयी माणूसच लागतो, नाहीतर म्हातारे मरतात आणि कोणाला कळत नाही. पण तुझी पहिली पायरी माझ्या दारात होती. ती तू गाळलीस. उद्या सलोनीचा संशय आला तर? आधी तिला विचारशील, की आधी गावाला?"

लतिकानं बाटलीला पुन्हा कागद गुंडाळला.

भाऊंनी तेवढ्यात दुसरी गोष्ट काढली. पाचच महिने झाले होते. नियम सहा महिन्यांचा, आणि तोही कामावर असलेल्या व्यवस्थापकाच्या हाताखाली. बर्नार्ड सर आज कामावरून उतरले होते. तिनंच उतरवले होते.

"नियम आम्हीच केला," भाऊ म्हणाले. "पहिल्याच माणसाला वाकवला तर पुढं त्याला कोण विचारील? तुझं शिक्षण अपुरं राहिलं, लतिका."

ती घरी आली तेव्हा जितेंद्र पाळीवरून आला होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "कारखान्यात आम्ही मशीनला आवाज यायला लागला की आधी ते बंद करून आत बघतो. तू सरळ मालकाला बोलावलंस."

"मशीन बोलत नाही," ती म्हणाली. "सर बोलले असते."

"तेच म्हणतोय मी."

 आर्यानं आईच्या ताटात भात वाढला.

मार्ग सरांनीच काढला. डहाणूच्या बाजूला असंच एक घर होतं, तिथल्या व्यवस्थापक बाईंना ते ओळखत. उरलेला महिना तिथं करावा, असं त्यांनी सुचवलं. भाऊंनी मान्य केलं, पण जागेची जाहिरातही दिली. कोणी आला तर येईल, असं तोंडावर सांगितलं.

डहाणूच्या त्या घरात लतिकाला कोणी ओळखत नव्हतं. तिथं ती कोणाची ताई नव्हती. पहिला आठवडा चादरी धुण्यात गेला, दुसरा स्वयंपाकघरात. एके दिवशी एक मदतनीस दुपारी वरचेवर गायब होते, हे तिच्या ध्यानात आलं. बाईंकडे जायला तिचे पाय उचललेही. मग ती थांबली, न्हाणीमागं गेली आणि त्या मुलीलाच विचारलं, "तू कुठं जातेस?" मुलगी रडायला लागली. तिचं बाळ शेजारच्या झोपडीत होतं, अंगावर पिणारं. दोघी मिळून बाईंकडे गेल्या. पाळी बदलून मिळाली. प्रश्न एका वाक्याचा होता. लतिकाला तो विचारायला चाळिशी उलटावी लागली.

ती परत आली तेव्हा जाहिरातीला दोघंजण आले होते. एकाकडे मोठी पदवी होती पण म्हाताऱ्यांचा वास सोसत नव्हता, दुसऱ्याला राहायला घर हवं होतं. ट्रस्टींची बैठक ओसरीवर भरली. डहाणूच्या बाईंनी फोनवरून सांगितलं ते भाऊंनी सगळ्यांना ऐकवलं. मग त्यांनी खालच्या खोलीकडे बघितलं. बर्नार्ड सर आदल्याच आठवड्यात राहायला आले होते, कोपऱ्यातल्या पलंगावर. सिद्धेशच्या हाताला धरून ते ओसरीवर आले. नियमाप्रमाणे उभं राहायचं होतं. भाऊ म्हणाले, बसून बोला. ते उभे राहिले.

"हिला अजून उठायची घाई होते," सर म्हणाले. "संशय लवकर येतो. आता विचारते, असं ऐकतो. पाच महिने मी बघितलंय. घर हिच्या हाती द्या."

एवढं बोलून ते बसले. ट्रस्टींनी घर दिलं.

पहिल्या सोमवारी लतिका ओसरीवरच्या त्याच खुर्चीत बसली. वाटेनं जाणाऱ्या बाईनं पुन्हा विचारलं, बरं नाही का, आणि या वेळी ती म्हणाली, "कामावर आहे." द्वारका आतून ओरडली, "बसून बसून कंटाळलीस तर लसून सोल." लतिकानं मानेनंच नाही म्हटलं.

दुपारच्या आधी कोपऱ्यातली घंटा वाजली. सरांची. लतिकाच्या मांड्या ताठ झाल्या. सलोनी पलीकडे ॲंजेलामायला भरवत होती. लतिकानं खुर्चीचे हात धरून ठेवले. मनात आलंच, हे माझी परीक्षा घेतायत. घंटेसाठी नेमलेली मुलगी न्हाणीतून हात पुसत आली, थेट कोपऱ्यात गेली, सरांच्या तोंडाला पेला लावला. सरांनी एक नजर ओसरीकडे टाकली.

जेवणं झाल्यावर लतिका आत गेली आणि पलंगाशेजारी उभी राहिली.

"सर, मघाशी खरंच तहान लागली होती, की मला बघत होतात?"

"तहान लागली होती," सर म्हणाले. "पेला उजवीकडे आहे. हा हात सांडतो."

लतिकाचा हात पेल्याकडे गेला होता. तो तिनं मागं घेतला.

"डावीकडे ठेवायला सांगू?"

"सांग. आणि झाकणाचा पेला असेल तर तो."

तिनं सलोनीला हाक मारली आणि झाकणाचा पेला येईपर्यंत तिथंच उभी राहिली.